गुडघ्याखालचा खिसा

मी सध्या जो पायजमा घालतो त्याला गुडघ्याखाली, आतल्या अंगाला, एक खिसा आहे. मीच शिवलाय. त्या खिशात लघवीची पिशवी बसते. लिहायला लाज वाटण्याचं कारण नाही. वय झालं की होतं. गेल्या महिन्यात लघवी अडली, मुलगा हिंजवडीहून ऑफिस टाकून आला, मोठ्या दवाखान्यात नेलं आणि नळी घातली. घालणारा माणूस कामात तरबेज होता. आला, चादर वर केली, "रिलॅक्स अंकल" म्हणाला आणि दोन मिनिटांत मोकळा झाला. तक्रारीला जागाच नाही. पण चादर वर झाली तेव्हा मला वाटलं, अरे, ह्याचं विचारायचं राहिलं.

हमीदभाई विचारायचे.

मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढे वहीत लिहिलं ते छाती, कंबर, बाही, उंची. पण दवाखान्यातून आल्यापासून हमीदभाई मनातून जात नाहीत. ते आता नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी लिहील असंही नाही. म्हणून मी बसलोय.

ते आमच्याकडे आले अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. शिंपी. सदाशिव पेठेतलं आमचं दुकान त्यांनीच टाकलेलं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत अण्णा सुईत दोरा स्वतः ओवायचे आणि पाण्याचा पेला कुणाला आणू द्यायचे नाहीत. मग त्यांची लघवी अडली. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाची ताकद गेली आहे आणि ह्या वयात ऑपरेशन झेपणार नाही, नळी कायमची. दर महिन्याला बदलायची. अण्णांना दर महिन्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेणं म्हणजे घरात महाभारत. तेव्हा डॉक्टरांनीच हमीदभाईंचं नाव सांगितलं. सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात जन्मभर ड्रेसर होते. निवृत्त झाल्यावर पेठांमधून घरोघरी जाऊन जखमा बांधायचे आणि नळ्या बदलायचे.

पहिल्या दिवशी आले ते सायकलवरून. उंच, वाळकुडे, पांढरा फुलबाह्यांचा शर्ट. शर्टाकडे माझं आधी लक्ष जातं, सवयच ती. बाह्यांना तीन घड्या, दोन्हीकडे सारख्या. मागे कॅरिअरला बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा. त्यात नळ्या, हातमोजे, सलाइनची बाटली. घड्याळ काढून खिशात टाकलं, कोपरापर्यंत हात धुतले. बायको टॉवेल घेऊन उभी. तिला म्हणाले, "वहिनी, टॉवेल राहू द्या. हात आपोआप वाळतात, फक्त कुणाला धीर नसतो." आणि हात वर धरून उभे राहिले, शरण आल्यासारखे.

मग खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "अण्णा, मी हमीद. चादर बाजूला करतो. परवानगी आहे?"

अण्णांनी तोंड भिंतीकडे केलेलं. हमीदभाई थांबले. मला वाटलं, विचारायची पद्धत असेल, आता करतील सुरू. छे. हात वर धरून तसेच उभे. शेवटी अण्णा भिंतीकडूनच "हं" म्हणाले, तेव्हा चादर हलली.

काम चालू असताना अण्णांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"भवानी पेठ. चार पिढ्या."

"मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे तुमचं."

"काय करणार अण्णा, पुण्यात जन्मलो. लहानपणी कुणी सावध केलं नाही."

अण्णा हसले नाहीत, पण त्यांचं तोंड भिंतीकडून इकडे वळलं. आणि मग त्यांनी ते विचारलं, जे डॉक्टरांना विचारलं नव्हतं, मला तर नाहीच. "हे लचांड घेऊनच जायचं का मी?"

अण्णांना मरणाची भीती नव्हती. नळीसकट तिरडीवर निजायची होती. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे नीट बसवले, आणि आपण जाताना चादरीखालून रबर लोंबतंय, हे त्यांना सहन होईना.

हमीदभाईंनी हातातलं काम थांबवलं. म्हणाले, "नाही. मी घातली, मीच काढीन. शब्द."

"तू असशील का तोवर?" अण्णांनी पहिल्याच भेटीत त्यांना अरे-तुरे केलं, ते असं.

"तुमच्या आधी गेलो तर वरती भेटून माफी मागेन."

त्या दिवसापासून अण्णांना फक्त हमीद चालायचा.

जाताना त्यांनी मला दारात तीन गोष्टी सांगितल्या. पिशवी नेहमी कमरेच्या खाली. नळीला कुठे मुरड नको. आणि पाणी भरपूर पाजा. "लघवी खाली जाते, मास्तर. वर जायला लागली की समजा आपण संपलो." ते मला मास्तर म्हणायचे, टेलर मास्तरमधलं. मी मान हलवली. पण मी कुणाचं पटकन ऐकणाऱ्यातला नाही, हे आमच्या घरात कुणीही सांगेल.

त्यांची एक युक्ती मला फार उशिरा कळली. नळी आत सरकवताना माणूस आवळून घेतो, आणि आवळलं की दुखतं. त्यामुळे हमीदभाई त्या वेळी पेशंटला त्याच्या धंद्यातलं काहीतरी विचारायचे. अण्णांना विचारायचे कॉलर. शर्टाची कॉलर कशी करायची. अण्णा सांगायला लागायचे. दोन तुकडे कापायचे, मध्ये ताठपणासाठी बकरम, सुलट्या बाजू आत घेऊन तीन बाजूंनी शिवायचं, टोकाचं जादा कापड कातरायचं, मग उलटून सुलटं करायचं. हे सगळं सांगून व्हायच्या आत हमीदभाई म्हणायचे, "म्हणजे आधी उलटायचं आणि मग टोक कातरायचं."

"अरे गाढवा, आधी कातरायचं, मग उलटायचं! नाहीतर कॉलरचं नाक जाड राहतं."

"हां हां. आधी कातरायचं. झालं अण्णा, बसली नळी."

दर महिन्याला हेच. दर महिन्याला हमीदभाई तिथेच चुकायचे आणि अण्णा तिथेच भडकायचे. मी एकदा बायकोला म्हणालो, हा माणूस हुशार दिसतो, पण कॉलर काही ह्याच्या डोक्यात शिरत नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुमच्या डोक्यात कधी शिरणार, ते बघा."

असे त्यांनी पेठापेठांतून धंदे गोळा केले होते. पोस्टमास्तरकडून टपालाची छाननी, आचाऱ्याकडून जिलबीचं पीठ, गवंड्याकडून ओळंबा. म्हणायचे, "मास्तर, माझ्याकडे चौदा धंदे आहेत. सगळ्यांत एकेक चूक ठरलेली आहे."

एकदा भर दुपारी अण्णा ओरडायला लागले. पोट दगडासारखं, पिशवी रिकामी. मी घाबरलो, नळीत गाळ अडकला असणार म्हणून फोन केला. हमीदभाई वीस मिनिटांत हजर. आम्ही सगळे अण्णांच्या पोटाकडे बघतोय, ते खाली बसले आणि पिशवीपासून वर नळीवरून नजर फिरवत गेले. मग उठले. "अण्णांना काही झालेलं नाही. खाट उचला." सकाळी झाडताना मीच खाट सरकवली होती, तिचा पाय नळीवर. खाट उचलली तशी नळी वाहायला लागली, अण्णांचा चेहरा सैल झाला. हमीदभाईंनी हात धुतले, टॉवेलला नाही म्हटलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "शिवण अडली तर तुम्ही आधी मशीन खोलता का दोरा बघता, मास्तर?"

मला राग आला होता. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त राग येतो.

आणि एक दिवस परवानगीचा. सकाळी अण्णांचा एक दूरचा भाचा भेटायला येऊन गेला होता. बोलताना त्याची नजर सारखी खाटेला अडकवलेल्या पिशवीकडे. अण्णांच्या ते मनाला लागलं. नेमका त्याच दिवशी महिना भरलेला. हमीदभाईंनी हात धुतले, वाळवले, विचारलं, "अण्णा, परवानगी आहे?"

"नाही."

"बरं," म्हणून त्यांनी स्टूल ओढलं आणि पेपर उघडला. अर्धा तास गेला. मला गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी म्हणालो, "अहो, मी धरतो त्यांना. तुम्ही उरकून टाका."

हमीदभाईंनी पेपर खाली केला. आवाज वाढवला नाही. "कापड गिऱ्हाइकाचं असतं, मास्तर. न विचारता कात्री लावता का तुम्ही?"

मी दुकानात जाऊन बसलो. आतून ऐकू येत होतं.

"तुला दुसरी कामं नाहीत का रे?"

"आहेत."

"मग जा की."

"जाईन. पण नळीचे दिवस भरलेत, ती तुमच्या रागासाठी थांबायची नाही. मी बसतो. आपण सावकाश रागवा."

पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून झाला. बायकोने दोनदा चहा दिला. तिसऱ्यांदा ती आत गेली तेव्हा कॉलर चालू होती. "अरे गाढवा, आधी कातरायचं."

आता ते सांगतो, जे सांगताना मला अजून खाली बघावंसं वाटतं.

आमच्या कोपऱ्यावर एक बाक आहे. तिथे अण्णा आणि त्यांच्या वयाचे चारजण रोज संध्याकाळी बसून जगाला नावं ठेवायचे. नळी लागल्यापासून अण्णा बाकावर गेले नव्हते. पिशवी हातात धरून जाणं म्हणजे जाहिरातच. मुलाने फोनवर दाखवलं, पायाला बांधायची छोटी पिशवी मिळते, मागवू का. मी म्हणालो, शिंप्याच्या घरात पिशवी बाहेरून यायची का? आणि मी एक शबनम शिवली. जाड खाकी कापड, आतून अस्तर, वरून झाकण, बाजूने नळीला जागा. अण्णांच्या खांद्याला अडकवली. कुणाला कळलं असतं तर शपथ. अण्णांनी आरशात बघितलं आणि काठी मागितली.

तीन संध्याकाळी ते बाकावर गेले. बाकावरचे म्हणाले, "अण्णा, मोर्चा कुठे निघालाय?" अण्णा खूश. शबनम मांडीवर घेऊन दोन-दोन तास बसले. मांडीवर. कमरेच्या वर. मी दुकानातून बघत होतो आणि मला अभिमान वाटत होता.

चौथ्या दिवशी त्यांना थंडी भरली. दात वाजायला लागले, काहीतरी बरळायला लागले. दवाखान्यात न्यावं लागलं. साठलेली लघवी उलटी गेली होती आणि आत जंतू झाले होते. चार दिवस सलाइनमधून औषध. आपल्या शिवणीने बाप मरतोय, हे कुणाला सांगणार?

अण्णा घरी आले, त्या दिवशी हमीदभाई आले. शबनम खुंटीवर होती. काढायची मला हिंमत झाली नव्हती. त्यांनी ती खाली घेतली, उलटी केली, अस्तर बघितलं, टाक्यांवरून अंगठा फिरवला. आता हा बोलणार आणि मी ह्याला घराबाहेर काढणार, असं मी ठरवूनच उभा होतो.

"शिवण फार सुरेख आहे," ते म्हणाले. "फक्त जागा चुकली. टेप द्या जरा."

मी टेप दिली. ते अण्णांच्या पायाशी बसले. "अण्णा, परवानगी?" अण्णा "हं" म्हणाले. त्यांनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मोजलं. "लिहून घ्या मास्तर. गुडघ्याखाली चार बोटं सोडून सुरू. आतल्या अंगाला. खाली तोटीला भोक, म्हणजे पिशवी न काढता रिकामी करता येईल. पायजमा सैल, नळी दबता कामा नये. आणि पिशवी ती छोटीच आणा, मुलगा सांगतोय ती."

आमच्या दुकानात अण्णा आणि मी सोडून कुणी कधी माप घेतलं नव्हतं. मी वही उघडली आणि ते सांगतील तसं लिहिलं. माझ्या अक्षरात, त्यांचं माप.

तो पायजमा मी तीनदा उसवला आणि चौथ्यांदा जमला. आठवड्याने अण्णा बाकावर गेले. त्यानंतरचं मला हमीदभाईंनी सांगितलं, ते सायकलवरून तिथून जात होते. म्हणाले, "मास्तर, तुम्ही लपवायला खिसा शिवलात ना? अण्णा भर चौकात पायजमा वर करून दाखवत होते. ह्याला म्हणतात शिवण, म्हणे, माझ्या पोराने केलंय." अण्णांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलेलं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. तेव्हाही ऐकलं नाहीच. हमीदभाईंच्या तोंडून ऐकलं.

पुढे त्यांच्या दुसऱ्या पेशंटांसाठीही मी तसे पायजमे शिवले. मापं हमीदभाई आणायचे, चिठ्ठीवर, नाव न लिहिता. मी एकदा विचारलं कुणाचं आहे. म्हणाले, "गुडघ्याचं."

तीन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी अण्णा गेले. चहा घ्यायला उठवलं, ते उठले नाहीत.

हमीदभाई तोवर कात्रजच्या पुढे मुलीकडे राहायला गेले होते, गुडघे धरल्यामुळे सायकल सुटली होती. मी फोन केला. "येतो," म्हणाले, "कुणाला हात लावू देऊ नका."

माणसं जमली. तासभर झाला, दीड तास झाला. भाचा म्हणाला, "मामांना आता काय कळतंय? कात्री लावा आणि चला." कुणी म्हणालं, दवाखान्यातून बोलवा कुणालातरी, पाच मिनिटांचं काम. मी दारात स्टूल टाकून बसलो. म्हणालो, "थांबायचं." त्यांनी हट्टी म्हटलं. त्यांना माहीतच होतं, नवीन काही नाही. माझ्या हट्टाचा कुणाला कधी उपयोग झाला असेल तर त्या दोन तासांत झाला.

हमीदभाई रिक्षातून उतरले. डबा काखेत. चालताना भिंतीचा आधार घेत होते. आत आले, सगळ्यांना बाहेर काढलं, मला राहू दिलं. घड्याळ काढून खिशात टाकलं. बाह्यांना तीन घड्या घातल्या. कोपरापर्यंत हात धुतले आणि वर धरून उभे राहिले, वाळेपर्यंत. मी म्हणणार होतो, आता कशाला. म्हणालो नाही.

मग ते खाटेपाशी गेले. "अण्णा, मी हमीद. चादर बाजूला करतो. परवानगी आहे?"

आणि थांबले. नेहमी थांबायचे तेवढेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तरी मीच "हं" म्हणालो.

त्यांनी चादर बाजूला केली. आतला फुगा नळीला जागेवर धरून ठेवतो, त्यातलं पाणी सिरिंजने आधी काढून घेतलं, सावकाश, अण्णांना अजून दुखेल म्हणून जपावं तसं. आणि बोलायला लागले. आजवर अण्णा बोलायचे आणि ते ऐकायचे. त्या दिवशी ते बोलत होते. "दोन तुकडे कापायचे, अण्णा. मध्ये बकरम. सुलट्या बाजू आत. तीन बाजूंनी शिवायचं." अण्णांचेच शब्द, अण्णांच्याच चालीवर, एकही इकडचा तिकडे नाही. "मग उलटायचं. आणि मग टोक कातरायचं."

नळी हातात धरून ते तिथेच थांबले.

बाहेर कुणीतरी खोकलं. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. चूक ऐकून गप्प बसणं आमच्या रक्तात नाही.

"आधी कातरायचं, हमीदभाई," मी म्हणालो. "मग उलटायचं."

"हां हां," ते म्हणाले. "आधी कातरायचं." आणि नळी काढून घेतली.

चादर त्यांनी पुन्हा नीट केली, पायाकडची चूण हाताने सपाट केली. मग बाह्या खाली सोडून बटणं लावली. दारापर्यंत मी बरोबर गेलो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. डबा काखेत, एक हात भिंतीवर, ते निघाले. कोपऱ्यावरच्या बाकापाशी जरा टेकले, खाली वाकले आणि आपल्याच गुडघ्याखाली चार बोटं मोजल्यासारखा हात ठेवला. दुखत असेल गुडघा, मला तेव्हा वाटलं. आता माझ्याच पायाला तो खिसा आहे, तेव्हा वाटतं, नाव नसलेल्या त्या चिठ्ठ्यांतली एखादी त्यांचीच असेल. मग उठले आणि रिक्षात बसले. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती.